रैहानाला वगळताना

उस्ताद मुनीर शहावींचा फोन आला की बदरिया चुलीवरची कॉफी उतरवून ठेवायची, कारण बोलणं लांबणार हे ठरलेलं.

"बदरिया, माझ्या राजाचा कोणता डोळा फुटलाय गं?"

"डावा, उस्ताद. तुम्हीच फोडलात, चौथ्या खंडात."

"अरेरे, बिचारा! आणि तो पांढरा घोडा?"

"तो सहाव्यातच गेला. आता काळा आहे."

बदरिया अलेक्झांड्रियातल्या फिकरी बेंच्या लहानशा प्रकाशनगृहात प्रुफं तपासायची. वय बावन्न, लग्न केलेलं नाही, मुहर्रम बे भागातल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणं. सव्वीस वर्षांपूर्वी उस्तादांच्या 'खाऱ्या नदीचं राज्य' या कादंबरीचा पहिला खंड तिच्या टेबलावर आला, तेव्हापासून ती त्या राज्यातच राहत होती म्हणायला हरकत नाही. जादूगार, नावाडी, शापित घराणी, कोण कुणाचा सावत्र भाऊ, सगळं तिला तोंडपाठ. एकूण बारा खंड व्हायचे होते. दहा झाले होते.

अकराव्याचं हस्तलिखित चार वर्षं उशिरा आलं. पुठ्ठ्याच्या खोक्यात, सुतळीनं बांधलेलं. पहिली दोनशे पानं बदरियानं सुखानं वाचली. मग दोनशे बाराव्या पानावर दार उघडून रैहाना आत आली, ओली शाल झटकून चुलीपाशी बसली आणि कांदा सोलायला लागली.

बदरियाचा पेन्सिल धरलेला हात तसाच राहिला.

रैहाना ही होडीवाली. सातव्या खंडात धरणाच्या दाराशी लढताना बुडून मेली होती. तेव्हा वाचकांनी पोत्यानं पत्रं पाठवली होती. तांता शहरातल्या एका वाचकानं तर वर्तमानपत्रात काळ्या चौकटीत तिच्या निधनाची बातमी छापून आणली होती. ती आता कांदा सोलत होती.

काहीतरी चेटूक असेल, पुढे उलगडेल, असं म्हणत बदरियानं पानं उलटली. पण उलगडा करायला कुणाला नवल तर वाटायला हवं! घरातल्या कुणीच दचकलं नव्हतं. रैहाना जेवली, भांडली, भाचीची वेणी घातली. त्रेसष्ट पानं ती अशी वावरत होती, जणू कधी गेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी समुद्रावर वादळ होतं, तरी बदरिया ट्रामनं उस्तादांच्या घरी गेली. दार त्यांच्या थोरल्या बहिणीनं, हाज्जा तहिय्यानं उघडलं. बाई दोनदा हज करून आलेल्या, आवाजात जरब असलेल्या. पण त्या दिवशी त्यांनी बदरियाचा हात धरून तिला सरळ स्वयंपाकघरात नेलं.

"तुला कळलं ना?" त्या कुजबुजल्या.

"रैहाना..."

"रैहानाचं काय घेऊन बसलीस! काल मला विचारत होता, अम्मा बाजारातून आली का म्हणून. अम्मा जाऊन चाळीस वर्षं झाली, बदरिया." त्यांनी ओढणीनं नाक पुसलं. "डॉक्टर म्हणतो, हे आता वाढतच जाणार."

"मग हे पुस्तक छापायला नको, हाज्जा. मी फिकरी बेंशी बोलते."

"आणि लोकांना काय सांगणार? भाऊ माझा खुळावला म्हणून? एवढा मोठा माणूस, त्याचं हसं होईल गं. तू नीट कर. तुलाच जमेल ते."

प्रकाशक फिकरी बेंनीही तेच सांगितलं, फक्त जरा चिडून. "चार वर्षं वाचक माझ्या दारात उभे आहेत. उस्तादांना काही विचारू नकोस. तू काढ तिला."

बदरियानं सबंध हिवाळा रैहानाला त्या पानांतून वेचून काढलं. तिची वाक्यं एका कुंभाराच्या विधवेच्या तोंडी घातली, वेणी दुसऱ्या कुणाकडून घालून घेतली. काही वाक्यं कुणाच्याच तोंडी शोभेनात; ती तिनं खोडली. खोडताना वाटायचं, आपण तिला पुन्हा एकदा पाण्यात लोटतोय. सातव्या खंडात निदान तिला लढू तरी दिलं होतं.

पुस्तक वसंतात निघालं. वाचक हिरमुसले. 'पुन्हापुन्हा उकळलेला चहा' असं एकानं लिहिलं. एका बाईचं पत्र आलं: "ती कुंभारीण बोलते तेव्हा मला रैहानाची फार आठवण येते. असं का व्हावं?" ते पत्र बदरियानं कुणालाच दाखवलं नाही.

मग एका गुरुवारी दुपारी उस्तादांचा फोन आला.

"माझी पोरगी कुठंय? सगळं पुस्तक शोधलं मी. तू काय केलंस तिचं?"

बदरिया तशीच निघाली. उस्ताद बाल्कनीजवळच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर अकरावा खंड, अंगात सदरा उलटा. ती त्यांच्या पायांशी बसली.

"उस्ताद, रैहाना गेली. सातव्या खंडात. तुम्हीच लिहिलंय."

"मी? मी मारलं तिला?"

"हो."

त्यांचा चेहरा असा कोसळला, की बदरियानं मान फिरवली. मग त्यांनी विचारलं, "फार त्रास झाला का तिला?"

बदरियानं कपाटातून सातवा खंड काढला आणि ती पानं वाचून दाखवली: गार पाणी, धरणाचं दार, तुटलेलं वल्हं. उस्ताद लहान मुलासारखे तोंड उघडं ठेवून ऐकत होते. वाचून झालं, तेव्हा त्यांनी डोळे पुसले.

"छान लिहिलंय," ते म्हणाले. "कुणाचं गं हे?"

पुढच्या गुरुवारी बदरिया गेली, तेव्हा त्यांनी पुन्हा तेच विचारलं. त्याच्या पुढच्याही. दर वेळी बदरियानं खरं सांगितलं, दर वेळी म्हातारा नव्यानं रडला. चौथ्या गुरुवारी तहिय्या दारातच आडव्या आल्या. "बाई, अजून किती वेळा मारणार आहेस त्या पोरीला? त्याला रात्रभर झोप नसते."

त्या दिवशी उस्तादांनी विचारलं, तेव्हा बदरिया म्हणाली, "पलीकडच्या काठाला गेलीय. मावशीकडे."

"मावशी? तिला मावशी कुठली?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी बदरियाची चूक पकडली होती.

"असेल, असेल," उस्तादच मग समजुतीनं म्हणाले. "वारा फार आहे. होडी घट्ट बांधायला सांग हं तिला."

"सांगते, उस्ताद."

दीड वर्ष ती दर गुरुवारी जात राहिली. रैहाना कधी मावशीकडे असायची, कधी लग्नाला, कधी मासळी विकायला. शेवटी शेवटी उस्ताद तिचं नावही विसरले, नुसतं खिडकीबाहेर बघून विचारायचे, "ती आली का?" बदरिया म्हणायची, "येतेच आहे."

ते गेले तेव्हा शोकमंडपात पार कैरोहून वाचक आले होते. काहींच्या काखेत खंड होते. विशीतली एक मुलगी बदरियापाशी येऊन बसली, शोकात देतात त्या कडू कॉफीचा पेला हातात तसाच धरून. "बारावा खंड थोडासुद्धा लिहिला नव्हता का हो?"

"नाही, बाळ."

"मग खाऱ्या नदीचं पुढं काय होतं?"

"मला नाही माहीत," बदरिया म्हणाली. आणि ते खरंच होतं.

फिकरी बेंनी शोकाचा चाळिसावा दिवस उलटायच्या आत तिला बोलावून घेतलं. बारावा तूच लिही म्हणाले, नाव उस्तादांचं राहील. तिनं नाही म्हटलं. ते पुन्हा म्हणाले, तिनं पुन्हा नाही म्हटलं. तेव्हापासून तिच्याकडे शालेय व्याकरणाची पुस्तकं तेवढी येतात, आणि वर्षाकाठी एकदा अकराव्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं. त्याच्या मागच्या पानावर अजून छापलेलं असतं, 'बारावा आणि अखेरचा खंड लवकरच'. बदरिया दर वेळी त्या ओळीवर लाल काट मारून पाठवते. ओळ दर वेळी छापून येते.