तूप लावलेली बोटं

सारंगी बोटांनी वाजते असं लोकांना वाटतं. वाजवणाऱ्याला विचारा. ती नखांच्या मुळांनी वाजते. उजव्या हातातल्या गजाने तारा घासायच्या, आणि डाव्या हाताची बोटं तारेवर वरून दाबायची नाहीत; नख जिथून उगवतं तिथली कातडी तारेला बाजूने टेकवायची आणि सरकवत न्यायची. तारही धातूची नसते, बकऱ्याच्या आतड्याची असते. सुरुवातीला कातडी सोलवटते, रक्त येतं, लिंबू पिळताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मग तिथे घट्टा पडतो, तो काळा होतो आणि त्यात तारेची खाच उमटते. खाच उमटली की सूर हळूहळू जागेवर यायला लागतात. माझ्या तीन बोटांवरच्या त्या खाचा मला फार प्रिय होत्या, आणि चारचौघांत त्यांचीच मला मेल्याहून मेल्यासारखं होण्याइतकी लाज वाटायची.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही पंचवटीत दोन खोल्यांत राहायचो. मी नुकतीच एका ऑफिसात टायपिंगला लागले होते आणि ऑफिस सुटलं की जुन्या नाशकात उस्तादजींकडे शिकायला जायची. उस्तादजी उत्तरेकडून कुणा गाणाऱ्या बाईंच्या साथीला म्हणून आले होते आणि इथली हवा मानवली म्हणून इथेच राहिले होते. खाली तांब्याची भांडी ठोकणारे कारागीर, वर त्यांची खोली. एकीकडे ठोकाठोकी आणि एकीकडे आमचे सूर. ते म्हणायचे, "बेटी, इथे वाजवलंस तर कुठेही वाजवशील."

घरी वाजवायची मात्र पंचाईत. कुणी मोठा पुढारी गेला की रेडिओवर दिवसभर सारंगी लावायची पद्धत होती, त्यामुळे सारंगी म्हणजे सुतक असं आख्ख्या आळीच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी गज फिरवला की शेजारच्या काकू गॅलरीतून ओरडायच्या, "अगंबाई, आता कोण गेलं?" आणि मग स्वतःच खो खो हसायच्या. रोज तोच विनोद, रोज तेच हसणं. मी दार लावून घ्यायची, खिडकी लावून घ्यायची, आणि उन्हाळ्यात घामाने निथळत सरगम घोटायची.

आईला आवाजाचं काही नव्हतं. तिचा जीव बोटांवर टांगलेला. चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी हात पुढे केला की बायकांची नजर हळदीवरून नखांवर जायची. "हे काय गं झालंय हिला?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणायची, "नखुर्डं झालंय हो. औषध चालू आहे." वर्षानुवर्षं माझं नखुर्डं बरंच होत नव्हतं. एकीने तर गोमूत्राचा उपाय सांगितला, आणि आईने मान डोलावून ऐकूनही घेतला. मी बाजूला उभी राहून भिजवलेले हरभरे मोजल्यासारखी खाली बघत होते.

मग मला बघायला यायचं ठरलं. मुलगा नाशिकरोडचा, मनमाडला रेल्वेच्या ऑफिसात, रोज गाडीने जाऊन येऊन करणारा. माणसं चांगली, हुंड्याचं नाव काढणार नाहीत असं मध्यस्थांनी सांगितलेलं. आईने फर्मान काढलं: आठवडाभर सारंगीला हात लावायचा नाही. जेवण झालं की ती माझा डावा हात मांडीवर घ्यायची आणि नखांच्या मुळांशी कढवलेलं तूप चोळायची, दुधाची साय चोळायची. "मऊ पडलं की काळं निघून जाईल," म्हणायची. मी चिडायची, हात ओढून घ्यायची. ती पुन्हा ओढायची. "कार्टे, जन्माचा प्रश्न आहे!" खरं सांगते, मलाही वाटत होतं की निघालं काळं तर बरंच. कारण मला लग्न करायचं होतं, आणि सारंगीही सोडायची नव्हती, आणि या दोन्ही गोष्टी एका घरात कशा मावतील ते मला कळत नव्हतं.

ते आले. मुलगा, त्याची आई आणि मावशी. मी शिऱ्याच्या बश्या उजव्या हाताने दिल्या, डावा पदराखाली. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात मुलाने कोपऱ्यातल्या खोळीकडे बोट केलं आणि विचारलं, "ते काय आहे?" बाबा भोळे. सांगून बसले, "हिची सारंगी. छान वाजवते." मुलगा सरसावून बसला. "मग ऐकवा ना."

मला आजवर कुणी आपणहून 'ऐकव' म्हटलं नव्हतं. हाच तो, याच्या घरात माझी सारंगी मावेल, असं वाटून मी आईच्या डोळ्यांकडे न बघता खोळ सोडली.

व्हायचं तेच झालं. आठवडाभर हात न लावल्यामुळे तारा उतरलेल्या. त्या घाईघाईने लावल्या, धड लागल्याच नाहीत. आणि बोटं! आठवडाभर तूप मुरलेली ती मऊ लुसलुशीत कातडी तारेवर सरकेचना. बोटं सरकावीत म्हणून एरवी लावतो ती पावडर फासली, तर तुपात तिचा लगदा झाला. गज ओढला आणि शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा आवाज निघाला. दुसरा सूर त्याहून वाईट. खाच बुजल्यामुळे कुठलाच स्वर जागेवर सापडेना. गॅलरीतून काकूंचा आवाज आलाच, "कोण गेलं?" मावशींनी हसू दाबलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "या तारा कशाच्या असतात हो?" मी इतकी भांबावले होते की सरळ सांगून टाकलं, "बकऱ्याच्या आतड्याच्या." मावशींनी शिऱ्याची बशी अलगद खाली ठेवली.

धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं, असं लोक म्हणतात ना, तसं झालं मला. सगळ्यांसमोर माझ्या अब्रूचं खोबरं झालं होतं, आणि तेही त्या एकाच गोष्टीत जी मला थोडीफार येत होती.

आणि गंमत बघा, दोन दिवसांनी त्यांचा होकार आला. मुलगी पसंत. सासूबाईंनी मोठ्या मनाने वर निरोप पाठवला होता, सारंगी आणली तरी हरकत नाही, आमच्याकडे माळ्यावर भरपूर जागा आहे.

आईने देवापुढे साखर ठेवली. मी रडायला लागले. माळ्यावर! जुन्या सतरंज्या आणि गणपतीच्या मखरासोबत! मी बाबांना सांगितलं, त्यांना म्हणावं पुन्हा एकदा ऐकायला या, उस्तादजींच्या खोलीवर, माझी बोटं पूर्ववत झाली की. त्याशिवाय मी हो म्हणणार नाही. बाबा हबकले. "अगं, मुलगी मुलाला परत बोलावते, हे कुठे ऐकलंय का कधी?" आईने कपाळाला हात लावला. पण मी हटून बसले, आणि शेवटी बाबांनी शरमत शरमत फोन केला.

तो आला. एकटाच, ऑफिस करून, स्टेशनवरून थेट, खांद्यावर डब्याची पिशवी. तोवर माझे घट्टे परत आले होते. मी यमन वाजवला. फार मोठं काही नाही, पण सूर स्वच्छ लागले, सुरावरून सुरावर घसरत जाणारी एक मींड तर अशी आली की उस्तादजींनी डोळे मिटून "हां" म्हटलं. तो डब्याची पिशवी मांडीवर धरून शेवटपर्यंत ताठ बसून होता.

"कसं वाटलं?" मी विचारलं. "त्या दिवशीपेक्षा?"

त्याने थोडा विचार केला. "खरं सांगू? मला दोन्ही सारखंच वाटलं."

उस्तादजी छताकडे बघायला लागले. माझे कान तापले. म्हणजे मी आठवडे मोजून बोटं सोलून घेतली होती ती कशासाठी? तो घाईने म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही हो. पण तुम्ही वाजवा. माळ्यावर वगैरे काही ठेवायची नाही, आईला मी सांगतो. मला काही त्रास होणार नाही."

तो जिना उतरून गेल्यावर उस्तादजी म्हणाले, "कर लग्न. बिनकानाचा नवरा बरा. कानवाला रोज चुका काढेल." मी हो म्हटलं.

दिलेला शब्द ह्यांनी पाळला. सासूबाईंनी नाक मुरडलं तेव्हा हे मध्ये पडले. नाशिकरोडच्या फ्लॅटमधली आतली खोली माझ्या रियाजाची ठरली. मुलगी झाली, मोठी झाली, उस्तादजी गेले, नवं शतक उजाडलं, आणि मी सुटीच्या दिवशी तासन्‌तास वाजवत राहिले. हे बाहेर पेपर वाचत बसायचे. कधी 'पुरे' म्हणाले नाहीत. आणि मी? मी पाहुण्यांसमोर ह्यांची टर उडवायची. "आमच्या ह्यांना सारंगी काय नि मिक्सर काय, सारखंच!" बघण्याच्या दिवसाची आणि नंतरच्या यमनची गोष्ट मी इतक्या वेळा रंगवून सांगितली की ती माझ्या मैत्रिणींना पाठ झाली होती. सगळे हसायचे. हेही हसायचे, चहाचे कप गोळा करत.

मग एका वैशाखातली दुपार. लोडशेडिंग चालू, पंखा बंद, बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. मी आतल्या खोलीत मुलतानी वाजवत होते. हा राग मला इतकी वर्षं चकवत आला होता. त्यातला कोमल रिषभ एका केसाने इकडेतिकडे झाला की सगळं मुसळ केरात. त्या दुपारी तो लागला. नुसता लागला नाही, मुख्य तारांखालच्या, गज न लागणाऱ्या सगळ्या बारीक तारा आपसूक गुणगुणायला लागल्या आणि खोली भरून गेली. माझ्या अंगावर काटा आला. घरात ह्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, म्हणून मी गज टाकला आणि तशीच बाहेर धावले. "अहो, ऐकलंत का?"

हे पाठमोरे बसलेले, हातात पेपर. मान वळेना. मी पुन्हा हाक मारली. पुढे जाऊन खांद्याला हात लावला तसे दचकले. दोन्ही कानांत कापसाचे बोळे. समईच्या वातींसाठी आणते ना मी, तो कापूस. पुडकं शेजारीच, टीपॉयवर.

ह्यांनी घाईने एक बोळा काढला. "झालं का? कानाला वारं लागतं गं."

मी बंद पंख्याकडे बघितलं. हेही बघत होते.

"केव्हापासून घालताय?"

"अगं, असंच आपलं…"

"खरं सांगा."

"लग्नापासून," हे म्हणाले. "कळत नाही असं नाही गं. त्या दिवशी तुमच्या घरी तू भयंकर वाजवलं होतंस, आणि उस्तादजींच्या खोलीवर चांगलं. तेवढं कुणालाही कळेल. पण फरक कळला असं म्हटलं असतं तर तू त्या पहिल्या दिवसासाठी जन्मभर कुढली असतीस. आणि त्या आवाजाने माझं डोकं चढतं, ते माझं मी बघेन. तू कशाला थांबायचं?"

पाहुण्यांसमोर ह्यांनी गोळा केलेले सगळे कप मला एकदम दिसायला लागले. हे उठले, दुसरा बोळा कानातच होता. "वाजव तू," म्हणाले, "मी चहा टाकतो." आणि ओट्याकडे गेले.