कापसाच्या खोलीतला राक्षस

चौदाव्या वर्षी मी एक राक्षस पकडला होता. सन तीसच्या आसपासची, आमच्या किन्हीराजा गावची गोष्ट.

याचं सगळं श्रेय गोदाआत्याचं. दुपारी वाती वळता वळता ती आम्हा लग्नाच्या वयाच्या पोरींना गोष्टी सांगायची आणि प्रत्येक गोष्टीला शहाणपणाचं शेपूट जोडायची. इतरांच्या गोष्टीत राजपुत्र यायचा, राजकन्या लाजायची, संपलं. आत्याची राजकन्या लाजण्याआधी राजपुत्राचे पाय तपासायची. (उलटे असले तर तो राजपुत्र नव्हे.) मग त्याच्या मामाचं नाव विचारायची आणि शेवटी त्याला मिठाचा खडा चारायची, कारण राक्षसाला मीठ पचत नाही.

"अनोळखी मानसाले तीनदा पारखजा पोरीहो," आत्या बजावायची. "अन् त्यानं लग्नाचं काढलं, त मंग पक्का राक्षसच समजजा."

मी आणि शेजारच्या कापडवाल्या चाचांची जुबेदा, आम्ही दोघी इतक्या तयार झालो होतो, की टपालवाल्याचेही पाय एकदा पाहून घेतले होते.

त्याच दिवसांत बा माझ्या लग्नाच्या काळजीत होता. तीन स्थळं माझ्या उंचीवरून परत गेली होती, आता सगळी भिस्त इंझोरी गावच्या स्थळावर. मुलगा सातवी शिकलेला होता, आणि (हे मी कुणाला सांगितलं नव्हतं) जत्रेत पाहिल्यापासून मला फार आवडला होता. आमच्याकडची रीत अशी, की पाहुणे मुलगी पाहायला येण्याआधी वरपक्षाचा एक माणूस गुपचूप येऊन जायचा. पाणी मागायचा, घर आणि पोरगी नजरेखालून घालायचा, नावगाव न सांगता निघायचा. ही रीत मोठ्यांना ठाऊक होती. आम्हाला मुद्दामच सांगत नसत, नाहीतर पोरी रोज नटून बसतील.

कापूस वेचायला घरची सगळी शेतात गेली होती. अंगणात जुबेदा आणि मी. एक मिशीवाले गृहस्थ दारात आले.

"पानी भेटन काय, बाई?"

"आधी जोडे काढा," मी म्हटलं.

त्यांनी काढले. पाय सरळ होते, पण जुबेदा कानात कुजबुजली, "आजकाल सीधे करून घेत असतीन."

"मामाचं नाव काय तुमच्या?"

गृहस्थ गडबडले. नाव सांगितलं तर घराणं उघडं पडणार. "मामा... मामा नाही मले."

मामा नसलेला माणूस! आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"तुयं नाव काय, पोरी? सैपाक येते काय?" ते विचारू लागले. हा माझ्या सैपाकाची चौकशी कशाला करतो? मी आत जाऊन पाण्याचा गडवा आणि मिठाचा खडा आणला. पाहुण्याला पाण्याबरोबर गूळ द्यायची आमची पद्धत. त्यांनी विश्वासानं खडा तोंडात टाकला आणि दुसऱ्या क्षणी अंगणभर थुंकले.

आता शंकेला जागा उरली नव्हती. "आत सावलीत बसा," मी गोड आवाजात म्हटलं. ते कापसाच्या खोलीत शिरले आणि मी बाहेरून कडी लावली. जुबेदानं मुसळ घेतलं.

"अवं पोरी, कडी काहून लावली? खोल ना!" आतून आवाज आला. मग बराच वेळ दार वाजलं. शेवटी ते म्हणाले, "म्या इंझोरीचा हाओ! तुया लग्नाचं पाहाले आलो व्हतो!"

"देख," जुबेदाचा चेहरा उजळला, "आत्यानं सांगतलं, हुबेहूब तसंच बोलून राह्यला. जिन हाये हा, जिन."

संध्याकाळी सगळे परतले. बानं कडी काढली. मिशीत, भुवयांत, कानांत कापूस अडकलेले, इंझोरीच्या मुलाचे वडील बाहेर आले. बानं त्यांना बाजारात पाहिलेलं होतं. तो घाईघाईनं त्यांच्या अंगावरचा कापूस झटकू लागला. आत्यानं हळूच मला विचारलं, "मीठ चारलं व्हतं ना?"

ते जोडे घालून तडक निघून गेले. मी त्या दिवशी जेवले नाही. आधीची स्थळं उंचीनं घालवली होती. हे मात्र मी स्वतःच्या हातानं घालवलं होतं, आणि मला नेमकं हेच स्थळ हवं होतं.

तिसऱ्या दिवशी निरोप आला: पोरगी पसंत.

पुढची पंधरा वर्षं मी ही गोष्ट भेटेल त्या पोरीला सांगितली. मुलीनं हुशारी दाखवली, की सासरा खूश होतो, हे तिचं तात्पर्य. एकदा माझ्या लेकीला ती रंगवून सांगत होते, तेव्हा शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई इतक्या हसल्या, की सूप कलंडलं.

"हुशारी? अवं, त्या दिवशी घरी येऊन त्यायनं काय सांगतलं, ठावं हाये काय तुले? म्हने, हुशार सुना घरात दोन हायेत, रोज भांडतात. ही पोरगी कोनी काईबी सांगतलं त खरं मानते. हीच आना."