टाकाला लावलेली पिन
चांदीच्या पॉलिशचा वास आला की माझं डोकं अजूनही फिरतं. त्या ख्रिसमसला आम्ही एडिनबराजवळ माझ्या स्कॉटिश विहीणबाईंकडे जेवायला गेलो होतो आणि घरभर हाच वास होता. त्यांच्या कुळाचं चिन्ह, म्हणजे क्रेस्ट, असलेला कोटाला लावायचा पिढीजात ब्रोच घासूनपुसून काचेच्या पेटीत मांडला होता. गोल पट्ट्याच्या आत हरणाचं मुंडकं. जेवण झाल्यावर त्यांनी माझ्या हातात मखमली डबी ठेवली. उघडली, तर आत आमच्या खंडोबाचा चांदीचा टाक! मुलाने कॉव्हेंट्रीत घर घेतलं तेव्हा मीच तो त्याच्या देवघरासाठी दिला होता, माझ्या सासूबाईंनी मला दिला होता तसा. आता देवाभोवती तसाच गोल पट्टा होता आणि मागे डाग देऊन पिन जोडली होती. "आता तुमच्याही घराण्याला क्रेस्ट मिळालं," विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मुलाकडे पाहिलं. "आई, चिडू नको ना, मीच दिला त्यांना. शी मेन्ट वेल." अरे, ज्याला हळद वाहायची तो देव कोटाला टोचायला दिलास? आणि वर मलाच शहाणपण शिकवतोस? तिथे मी दात-ओठ खात 'थँक यू' म्हटलं. तो टाक आता माझ्या कपाटात पडून आहे, कारण असा डागलेला देव पूजेत ठेवायला माझं मन धजत नाही. विहीणबाईंचा ब्रोच मात्र अजून काचेतच आहे, आणि त्याला हात लावायची त्यांच्या या लाडक्या जावयालाही परवानगी नाही.