पनवेलला पुरायचा राहिलेला ग्रंथ

१. काल, रविवारी, मी शेजारच्या रिबेकामावशींबरोबर जुईनगरहून पनवेलला गेले.
२. त्यांच्याकडचा एक जुना हिब्रू ग्रंथ तिथल्या ज्यू दफनभूमीत पुरायचा होता.
३. खड्डा तयार होता.
४. ग्रंथ माझ्या टेबलावर आहे.

चौथं कसं झालं ते मला नीट सांगता येणार नाही. बाकीचं सांगते.

मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. येत्या गुरुवारी त्या मुलाकडे इस्रायलला कायमच्या जातायत. त्यांच्यात देवाचं नाव छापलेलं पुस्तक जीर्ण झालं की रद्दीत टाकत नाहीत, जाळतही नाहीत; माणसासारखं पुरतात. हा ग्रंथ गूढविद्येचा, मावशींच्या सासऱ्यांना त्यांच्या बगदादी ज्यू मालकाने दिलेला. घरात कुणी वाचला नाही. बाळंतिणीच्या उशाशी ठेवायचा, एवढंच. माझ्या ताईच्याही उशाशी होता. आईने तेव्हा काही विचारलं नाही, नमस्कार केला.

जाणाऱ्यांसाठी: हायवेवर पनवेलची एसटी मिळते. सुटे पैसे ठेवा. बेलापूरला दिवाळे गावची एक कोळीण मासळीची टोपली घेऊन चढली. मावशींच्या मांडीवरचं पांढरं गाठोडं बघून तिने विचारलं, "देव हाय का त्यान?"

"पुस्तक आहे, देवाचं."

"मंग माजी टोपली लांब ठेवते," म्हणाली, आणि खरंच पुढे जाऊन बसली.

पनवेलच्या सिनेगॉगमध्ये मावशींचे दीर सॅम्युएलकाका वाट बघत होते. आधी मलिदा झाला: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. एलियाहू नबीच्या नावाने, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. चव छान असते, पोट भरतं.

मग मी ग्रंथ उघडला.

"अगं, ती शेवटची बाजू, हिब्रू उजवीकडून सुरू होतं," मावशी म्हणाल्या.

काका म्हणाले, हे चाळिशीच्या आत वाचायचं नसतं. मावशी म्हणाल्या, काकांची पासष्टी झाली, त्यांना तरी कुठे कळतंय.

पहिल्या पानावर साल आहे, पण आकड्यात नाही. एका ओळीत काही अक्षरांवर टिंबं आहेत. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो; टिंबवाल्या अक्षरांच्या किमतींची बेरीज करायची, असं काकांनी सांगितलं. मी केली. एका अक्षराची किंमत शंभर, आणि त्याच्यावरचं टिंब शाईचं की किड्याने पाडलेलं भोक, ते कळेना. काका म्हणाले शाई, मावशी म्हणाल्या किडा. भोक असेल तर ते शंभर धरायचे नाहीत, म्हणजे ग्रंथ शंभर वर्षांनी आणखी जुना. मागून उजेड धरून बघितलं असतं, पण ते पान कुणीतरी खळीने पुठ्ठ्यावर चिकटवलंय.

दफनभूमीत आधी फाटकी प्रार्थनापुस्तकं खड्ड्यात गेली. मावशींनी ग्रंथ पुढे केला आणि मी थांबा म्हटलं. हा फार जुना असू शकतो, म्हटलं.

"म्हणून तर पुरायचा," मावशी म्हणाल्या. "दमलाय तो."

जाणकारांना दाखवू, मी म्हटलं. मग मावशींनी गाठोडं माझ्या हातात दिलं.

"पुढच्या रविवारपर्यंत. मी नसेन. तोवर काही कळलं नाही तर तूच येऊन पुरायचास."

बाहेर पडताना हात धुवायची पद्धत आहे. त्या दोघांनी धुतले. माझे हात मोकळे नव्हते.

कारखान्यात मी मोजमापाची उपकरणं तपासते. शंका आली की उपकरण बाजूला ठेवतो. हा ग्रंथ कुठे ठेवायचा ते कळत नाही. भिंगाखाली टिंब तसंच आहे. आज सकाळी ताईची मुलगी टेबलापाशी गेली तेव्हा आईने तिचे हात जुळवून तिला नमस्कार करायला लावला.

जुनी हिब्रू छपाई जाणणारं कुणी हे वाचत असेल तर दोन गोष्टी कळवा. पान न सोडवता शाई आणि भोक यांतला फरक कसा ओळखायचा? आणि जुना निघाला, तर तो न पुरणं चालतं का?

उत्तर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत हवं; मग शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा दिवस, लागतो. रविवारी सकाळी मी पनवेलला जाणार आहे.