मडमेच्या झुडपाच्या फांद्या

कापसाचा भाव चढला आणि माझ्या थोरल्या भावाला आपण साहेब असल्याचा भास होऊ लागला. अमरावतीत एका गोऱ्या कापूस-खरेदीदाराच्या बंगल्यावर त्याचं जाणं-येणं वाढलं. मडमेनं विलायतेहून आणवलेलं एक झुडूप त्यानं तिथे पाहिलं. त्याला पांढऱ्या फुलांचे झुबके येतात, मग बारीक काळी फळं धरतात, आणि त्यांचा मुरंबा साहेबलोक खातात, एवढं ऐकून हा चार फांद्या मागून घेऊन आला.

लावायला विहिरीजवळचीच जागा हवी होती. तिथे वहिनीची फालशाची झुडपं होती. लग्न होऊन आली तेव्हा तिनं ती तिवस्याहून, माहेरून आणली होती. उन्हाळ्यात त्यांचं जांभळं सरबत सगळी गल्ली प्यायची. भावानं मला ती उपटायला सांगितली. मी उपटली.

वहिनी दारातून पाहत होती. एवढंच म्हणाली, "भाऊजी, तुमाले त्याहिले 'नाही' म्हनता आलं असतं."

थंडीत फांद्यांना पानं फुटली. चुरगाळली की उग्र घाण यायची. भाऊ ती पाहुण्यांच्या नाकाशी धरायचा आणि विलायती वास म्हणून सांगायचा. एका वकिलानं तर डोळे मिटून मान डोलावली.

उन्हाळा लागल्यावर झुडपांभोवती वाळ्याचे पडदे लागले. बैलांच्या आधी त्यांना पाणी मिळू लागलं. तरी वैशाखात चारही वाळून काड्या झाल्या. भावाच्या मते दोष आमच्या गावंढळ मातीचा होता.

उपाय विचारायला तो मला घेऊन बंगल्यावर गेला. मडमेचं झुडूपही मेलं होतं. खानसाम्यानं तिचं म्हणणं सांगितलं: तिच्या मुलखात हे गोठ्यामागं, नाल्याकाठी आपोआप उगवतं, कोणी लावत नाही, आईच्या घराची आठवण म्हणून तिनं आणवलं होतं. सांगताना बाईचे डोळे भरले होते. भावानं हसत मुजरा केला आणि पुन्हा आणवलं तर फांद्या द्या म्हणाला.

पुढच्या हिवाळ्यात मडमेचं नवं झुडूप आलं आणि त्याच्या फांद्या आमच्याकडे आल्या. या खेपेला त्याची नजर वहिनीच्या मोगऱ्यावर होती. त्यानं कुदळ माझ्यापुढं धरली.

"मी नाही खनत," मी म्हणालो.

तो कुदळ घेऊन मोगऱ्याकडे वळला. मग नवा कोट अंगात असतानाच स्वतः खणायला लागला.