जहाजाचा रिव्हर्स

पांढरकवड्याच्या हायवेवर माझं गॅरेज आहे. ट्रकचं इंजिन नुसतं ऐकून मी सांगतो, कोणता नोझल बिघडला. पण पोरीनं 'जहाजाच्या इंजिनाचं शिकायले जाते' म्हणलं, तेव्हा डोकंच फिरलं माझं. समुद्र कुठं, आपण कुठं! एकुलती एक लेक. तिले पाठवाचंच नव्हतं मले, खरं सांगतो.

फॉर्मवर बापाची सही पाहिजे होती. मी शर्त टाकली, "जहाजाचं इंजिन मले समजावून सांग. मोबाईल पाहाचा नाही. एका सवालावर अडली, तर सही नाही."

पोट्टी घडाघडा सुरू झाली. "एक असते फोर स्ट्रोक, बाबा. तुमच्या ट्रकसारखंच, पण दांडगं. इंजिन अन् पाण्यातल्या पंख्याच्या मधात गिअरबॉक्स लागते त्याले. दुसरं टू स्ट्रोक, तीन मजली घराएवढं. मिनिटाले शंभरेक फेरे, बस. पंखा थेट त्याच्याच दांड्याले. गिअरबॉक्सच नाही."

मी लगेच धरलं. "मंग रिव्हर्स कसा घेते?"

"इंजिन बंद करतात, अन् हवेच्या दाबानं उलटं चालू करतात."

"उलटं? काहून थापा मारतं! घाटात ट्रक मागं घरंगळला अन् इंजिन उलटं पेटलं, हे या डोळ्यानं पाह्यलं मी. धूर भसाभसा एअर फिल्टरमधून! जहाजाले कसं जमते मंग?"

"नाही माहीत, बाबा." डोळे भरले तिचे. शर्त मी जिंकलो.

पण तो सवाल काही डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी भंगारातलं एक इंजिन ओढलं, वरचं झाकण काढलं अन् पोरीलेच हाक मारली. ती हातानं इंजिन उलटं फिरवे, मी व्हॉल्व पाहत बसो. हवा आत घ्यायच्या वेळी नेमका धुराचा व्हॉल्व उघडे. चार दिवस गिऱ्हाइकं बोंबलून राह्यली होती, मी कायले ऐकतो! शेवटी टाळकं चाललं. व्हॉल्वची वेळ ठरवते कॅमशाफ्ट. जहाजाच्या त्या दांड्यावर व्हॉल्व ढकलणारे उंचवटे, म्हंजे कॅम, दोन-दोन पाहिजे, एक पुढं जाचा, एक मागं जाचा. दांडा जरासा सरकवला की झालं!

"असंच असन का हो, बाबा?"

"मले का माहीत? मी कधी जहाज पाह्यलं? तू जा, पाहून ये, अन् मले सांग!" अन् त्याच भरात, ग्रीसच्या हातानं सही ठोकली.

बायको डबा घेऊन दारात उभी होती. म्हणे, "अवो, शर्त तर तुम्ही जिंकली होती ना?"

पोरगी फॉर्म घेऊन केव्हाच पळाली होती. मले गॅरेजातच रडू फुटलं.