चांगू उतेकरच्या नावाची चिठ्ठी

चांगू धोंडू उतेकर हे नाव आजवर तीनच ठिकाणी लिहिलं गेलं होतं: रेशनकार्डावर, मतदारयादीत आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर. मतदारयादीत त्याचं वय चौऱ्याण्णव होतं, पण त्यामुळे मतदानाला कधी अडचण आली नव्हती. बासष्टाव्या वर्षी हे नाव चौथ्या ठिकाणी, तेही काचेच्या आत, लागायची वेळ आली तेव्हा चांगूने ही गोष्ट कुणालाच सांगायची नाही असं ठरवलं, आणि संध्याकाळपर्यंत ती सगळ्या दांडवाडीला सांगून टाकली.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे निघालं की दांडवाडी डाव्या हाताला, डोंगराच्या कुशीत. शिमगा उलटला, पालापाचोळा पसरून शेतातले राब भाजून झाले, की वाडीत काम असं उरत नाही. बाया ओढ्यात खणलेल्या डवऱ्यापाशी हंडे मांडून पाणी झिरपायची वाट बघत बसतात. पुरुषही बसतात, फक्त त्यांना डवरा लागत नाही. चांगू मात्र हातोडी घेऊन निघायचा. इथल्या काळ्या कातळाच्या पोटात पोकळ्या असतात आणि पोकळीत स्फटिक. पुस्तकात त्यांना एकेक लांबलचक नाव आहे, वाडीत सगळ्यांना मिळून ‘गारा’. दगडावर हातोडी हलकेच टेकवायची आणि कान द्यायचा. भरीव दगड ठणकतो, पोकळ दगड खोकल्यासारखा वाजतो. हा खोकला ओळखण्यात चांगूचे पस्तीस उन्हाळे गेले होते.

त्याच्या गारा घाटमाथ्यावर जात आणि तिथे पर्यटकांना राग शांत करणारे खडे म्हणून विकल्या जात. विकल्या जाईपर्यंत त्या चांगूच्या खाटेखाली असत, पस्तीस वर्षं, पण त्याची बायको आवडी हिच्या रागावर काही परिणाम झाल्याचं त्याला आढळलं नव्हतं.

त्या वर्षी एप्रिलात त्याला ओढ्याच्या वरच्या अंगाला, दरड सरकून उघड्या पडलेल्या कातळात एक खोकला ऐकू आला. आठ दिवस तो छिन्नीने कडेकडेने कोरत राहिला. आत नारळाएवढा एकच स्फटिक होता, मधाच्या रंगाचा. कडा इतक्या धारदार की बोट फिरवताना जपावं लागे. उन्हात धरला तर पलीकडचा डोंगर त्यातून पिवळा दिसे. चांगूने तो आवडीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, मातीसकट घरी आणला.

महाडच्या कॉलेजात भूगोल शिकवणारे सुहाससर दरवर्षी पोरांना घेऊन डोंगरात येत. चांगूने पाठवलेला फोटो पाहताच त्यांनी फोन केला.

“चांगूकाका, हा विकू नका,” ते म्हणाले. “आमच्या कॉलेजात नमुन्यांचं नवं कपाट होतंय. हा मधल्या फळीवर ठेवू. खाली चिठ्ठी लावू, त्यावर तुमचं नाव. शोधणारे, चांगू धोंडू उतेकर.”

“छापील?”

“छापील.”

मुंबईहून मे महिन्यासाठी आलेला मुलगा सुनील म्हणाला, “पप्पा, पागल हाय काय? ऑनलाइन टाकूया, बंगला होईल.”

“बंगल्यावर तुझं नाव लागंल,” चांगू म्हणाला. “माजं इथंच लागू दे.”

सर येत्या मंगळवारी येणार होते. सोमवारी भावकीत हळद होती, तेव्हा सुनीलला घेऊन चांगू रविवारीच पैलाडच्या गावी गेला. आवडी घरी राहिली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. पावसाआधी महाडला ऑपरेशन करायचं ठरलं होतं. तोवर घरातलं सगळं ती हाताने चाचपून करी, आणि डोळस बायांपेक्षा बरं करी. अंगणात रातांबे फोडून कोकमासाठी साली वाळत घातल्या होत्या, त्यांचा आंबट वास घरभर होता.

मंगळवारी सकाळी चांगू परतला तेव्हा ती ओटीवर वाटच बघत होती.

“अवो, तुमचा दगूड धुतला,” ती म्हणाली. “सर येनार, आन तुमी त्याला तसाच माती भरलेला दाखवनार व्हता? लाज हाय का काय? देवाची समई घासते तसा घासला. परवापासनं आगळात बुडवून ठेवला व्हता. नुसता चुरचुर, चुरचुर आवाज! केवढा मळ सुटला असंल!”

आगळाने, म्हणजे रातांब्याच्या आंबट रसाने, समई सोन्यासारखी निघते, हे खरं आहे. तांब्याचे हंडे निघतात, घंगाळं निघतं. कोकणातल्या कुठल्याही घरात पाहुणा येण्याआधी हेच केलं जातं आणि ते चुकलं असं कुणी म्हणणार नाही. फक्त समई धातूची असते आणि तो स्फटिक चुन्याच्या जातीचा होता. आंबट लागलं की तो विरघळतो. ती चुरचुर मळाची नव्हती.

चांगूने पाटावरचं फडकं उचललं. कडा बोथट झाल्या होत्या. अंगभर खडबडीत पांढरी कळा आली होती, ओली होऊन वाळलेल्या साबणाच्या वडीसारखी. त्याने तो उजेडात धरला. पलीकडचा डोंगर त्यातून दिसला नाही.

“कसा झालाय?” आवडीने विचारलं. तिचा चेहरा दगडाकडे होता, पण नजर त्याच्या थोडी बाजूला.

“झकास,” चांगू म्हणाला.

“मी बोलली नव्हती?”

सर अकराच्या सुमारास आले. त्यांनी दगड हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. “अरेरे! काका, याला आंबट कशात घातलं? कॅल्साइट आहे हा. याला अ‍ॅसिड...”

“मीच आगळात घातला, सर, दोन दिस,” चांगू घाईने म्हणाला. आवडी चहा घेऊन उंबऱ्यापर्यंत आली होती. “मळ निघंल म्हनून. माजंच डोकं फिरलं.”

सरांनी एकदा चांगूकडे पाहिलं, एकदा चहाच्या कपांकडे चाचपडत गेलेल्या हातांकडे. त्यांनी वाक्य तिथेच सोडून कप हातात घेतला. निघताना दगड मात्र मागून घेतला. शिकवायला उपयोगी पडेल म्हणाले. त्या दिवसापासून आवडी मुकी असल्यासारखी वागेल अशी चांगूला भीती होती, पण ती नेहमीसारखीच चिडत राहिली, तेव्हा तिने काही ऐकलं नसावं अशी त्याने स्वतःची समजूत घातली. उरलेला उन्हाळा तो ओढ्याच्या वरच्या अंगाला जात राहिला. कातळ ठणकत राहिला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आवडीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दहा दिवसांनी तपासणीला महाडला गेले तेव्हा डोळा स्वच्छ होता. दवाखान्याच्या पायरीवरच ती म्हणाली, “आता कॉलेजात चला. तुमचं नाव बगायचंय.”

चांगूने सुट्टी सांगून पाहिली, पाऊस सांगून पाहिला, गुडघा सांगून पाहिला. ती कॉलेजची वाट विचारत पुढे चालूही लागली होती.

कपाट जिन्याखाली होतं. दगड खालच्या फळीवर होता. पुढच्या वर्षाच्या प्रवेशाला आलेली मानसी नावाची मुलगी तिथून चालली होती. आवडीने तिला थांबवून चिठ्ठी वाचायला सांगितलं. मानसीने मोठ्याने, शाळेत वाचतात तसं वाचलं: “कॅल्साइट. आम्लामुळे खराब झालेला नमुना. कोकमाच्या आगळात दोन दिवस बुडवल्याचा परिणाम. नमुना देणारे, चांगू धोंडू उतेकर, दांडवाडी.” मग हसून म्हणाली, “आमचे सर दरवर्षी हे सांगणार आता. कोकमात कोण घालतं हो, आजी?”

“घालत्यात कोन कोन,” आवडी म्हणाली. नव्या डोळ्याने ती बराच वेळ काचेतून बघत उभी राहिली.

पोलादपूरच्या एसटीत दोघांना खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी सुटल्यावर ती म्हणाली, “सरांना सांगा, तुमचं नाव खोडा. माजं लिवा.”

“का गो? पोरं हसतील तुला.”

“आन आता कुनाला हसत्यात?”

सावित्री नदीच्या पात्रात गढूळ पाणी चढू लागलं होतं, चांगू तिकडे बघत बसला.

“अवो,” थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, “लय चांगला व्हता का वो तो? मी बगितलाच नाय.”

“नाय गो,” चांगू म्हणाला. “साधाच व्हता. तसले मायंदाळ मिळत्यात.”

पोलादपूर येईपर्यंत आवडी दगड घासलेले दोन्ही हात पदराखाली धरून बसून राहिली.